जुनी स्पर्धा परीक्षा पुस्तके ठेवायची की काढायची: अभ्यासिकेतील छाननीच्या नोंदी

२ जून २०२५

तालुक्याच्या वाचनालयाची अभ्यासिका. स्पर्धा परीक्षांची तीन कपाटे, शिवाय भेट आलेल्या पुस्तकांची चार पोती. दाखल नोंदवहीत २१४ पुस्तके, कपाटात हाताला लागली १९७. सर्वांत जुने २००६चे, सर्वांत नवे २०२३चे. राज्यसेवा, संयुक्त गट ब आणि गट क, तलाठी, पोलीस भरती, बँक असा सगळा मेळ.

सूचना एका ओळीची आली होती: पाच वर्षांहून जुने ते रद्दीत. ती पारखायला दोन पुस्तके शेजारी ठेवली, २००९चे अंकगणित आणि २०२२चा सामान्य ज्ञानाचा ठोकळा (सगळे विषय एकत्र असलेले जाडजूड पुस्तक). अंकगणितातले काळ-काम-वेग आजही जसेच्या तसे चालते. ठोकळ्यात मात्र केंद्रशासित प्रदेश सातच. वर्षाचा नियम लावला असता तर बरोबर पुस्तक गेले असते आणि चुकीचे राहिले असते. म्हणून छाननी प्रकरणनिहाय करायची: हिरवे म्हणजे तसेच ठेवायचे, पिवळे म्हणजे दुरुस्तीची चिठ्ठी लावून, लाल म्हणजे बाद. काम तिप्पट वाढले, त्याला इलाज नाही.

४ जून

मजकुराआधी कागद. वाळवीने पोखरलेली, बुरशीचा वास मारणारी आणि कसर लागलेली पुस्तके आधी वेगळी काढली. ती बाकीच्यांत ठेवून छाननी केली तर किडा सगळ्या कपाटात जातो. उरलेली सावलीत, पंख्याखाली, पाने पंख्यासारखी उघडून दोन दिवस. कडक उन्हात ठेवू नयेत, पाठीचा डिंक तडकतो आणि पाने सुटी होतात. ठोकळे बहुतेक डिंकाच्या बांधणीचे असतात, शिलाईचे क्वचित, त्यामुळे ८०० पानांचा ठोकळा दोन वर्षांत पाठीवर दुभंगतोच.

पाने सुटी असली म्हणून पुस्तक बाद करायचे नाही. आधी मजकूर तपासायचा, टिकला तरच बांधणीला द्यायचा. उलट क्रमाने केले की बांधणीचे पैसे रद्दीवर जातात.

आणखी एक चाळणी: सराव प्रश्नसंचात पेनने उत्तरांवर गोल केलेले असतील तर तो संच सरावाला निकामी. पेन्सिलीचे असतील तर खोडरबर घेऊन बसायचे.

९ जून

छापील वर्षावर भरवसा ठेवता येत नाही. आज तपासलेल्या पुस्तकांत तीन प्रकारची फसवणूक दिसली.

पहिली, मुखपृष्ठावर 'सुधारित आवृत्ती' आणि आतल्या श्रेयपानावर 'पुनर्मुद्रण'. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापला. दुसरी, वर्षावर किमतीची किंवा नव्या वर्षाची चिकटपट्टी; पान उजेडासमोर धरले की खालचे वर्ष दिसते. तिसरी सर्वांत चलाख: शेवटी चालू घडामोडींची सोळा पाने नवी जोडायची आणि आधीची सातशे पाने जुनीच ठेवायची.

तिसरी पकडायला सोपी युक्ती आहे. त्याच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या मिळाल्या तर प्रत्येक प्रकरणाचा शेवटचा पृष्ठ क्रमांक लिहून काढायचा. २०१६ आणि २०२१ च्या आवृत्तीत राज्यव्यवस्था पान २८८लाच संपत असेल, तर मधल्या पाच वर्षांत त्यात कुणी हात घातलेला नाही. घटनादुरुस्त्या झाल्या आणि पान एकही वाढले नाही, असे होत नाही.

११ जून

प्रकरणाचे खरे वय काढण्यासाठी खुणेच्या बाबींची यादी केली. एका ठोकळ्याला दहा ते बारा मिनिटे लागतात. यादीत ज्या बाबी ठरावीक तारखेला बदलल्या त्याच घेतल्या.

राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश ही सर्वांत कामाची खूण, पण जोडीने वाचायची. नुसता '२८ राज्ये' हा आकडा २०१३च्या पुस्तकातही असतो आणि २०२१च्याही. २८ आणि ७ म्हणजे तेलंगणाआधीचा मजकूर (२ जून २०१४ पूर्वी). २९ आणि ७ म्हणजे २०१४ ते ऑक्टोबर २०१९. २८ आणि ९ म्हणजे ३१ ऑक्टोबर २०१९ नंतरचे जेमतेम तीन महिने. २८ आणि ८ म्हणजे दादरा-नगर हवेली व दमण-दीव एक झाल्यानंतर, २६ जानेवारी २०२० पासून पुढे.

महाराष्ट्राचे जिल्हे ३५ की ३६: पालघर १ ऑगस्ट २०१४. महानगरपालिका २६ असतील तर पनवेलच्या (२०१६) आधीचे, २७ म्हणजे पनवेल धरून, २८ म्हणजे इचलकरंजी (२०२२), २९ म्हणजे जालना (२०२३).

नियोजन आयोग चालू काळात लिहिला असेल तर १ जानेवारी २०१५ पूर्वीचे. बाराव्या योजनेनंतर 'तेरावी योजना' येईल असे म्हटले असेल तर तेही जुनेच. बारावी ३१ मार्च २०१७ला संपली आणि पुढची आलीच नाही. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश ३१ की सरन्यायाधीश धरून ३४: २०१९. लोकसभेत अँग्लो-इंडियन नामनिर्देशन अजून चालू असेल तर १०४व्या घटनादुरुस्तीआधीचे, म्हणजे २५ जानेवारी २०२० पूर्वीचे. अभिजात भाषा सहा की अकरा: मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ला दर्जा मिळाला, त्याच दिवशी पाली, प्राकृत, असमिया आणि बंगालीलाही.

एका ठोकळ्यात एकाहून अधिक वये सापडतात. आजच्या एकात भूगोल २०१३चा, अर्थव्यवस्था २०१६ची, राज्यव्यवस्था २०२०ची आणि मुखपृष्ठ २०२२चे.

१३ जून

वय सरळ रेषेत वाढत नाही. सरपंचाची निवड पाहा. २०१७ पूर्वी सदस्यांमधून, २०१७ मध्ये थेट जनतेतून, २०२० मध्ये पुन्हा सदस्यांमधून, २०२२ पासून परत थेट. त्यामुळे २०१८चे पंचायत राजचे पुस्तक या मुद्द्यावर बरोबर आणि २०२१चे चूक. नगराध्यक्षांच्या निवडीचाही असाच झोका: २०१६ला थेट, २०२०ला नगरसेवकांतून, २०२२ला पुन्हा थेट.

त्याच प्रकरणात पदनामेही तपासायची. तलाठ्याचे 'ग्राम महसूल अधिकारी' झाले, ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी मिळून 'ग्रामपंचायत अधिकारी', दोन्ही २०२४चे. मुले बोलताना तलाठीच म्हणणार आणि भरतीच्या पुस्तकांवरही तेच नाव राहणार. तेवढ्यासाठी पुस्तक बाद करण्यात अर्थ नाही, चिठ्ठी पुरे.

१७ जून

जनगणनेवरून दोन उलट्या चुका होतात.

एक: '२०११चे आकडे जुने झाले' म्हणून प्रकरण फाडणे. त्यानंतरची जनगणना झालेलीच नाही, तेव्हा २०११ हेच चालू आकडे. काल अधिसूचना निघाली, संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ (बर्फाळ भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६). नवे आकडे येईपर्यंत ही प्रकरणे जिवंत.

दोन: २०११ ते २०१३ च्या पुस्तकांत तात्पुरते आकडे असतात आणि ते अंतिम समजून पाठ केले जातात. महाराष्ट्राचे लिंग गुणोत्तर ९२५ लिहिले असेल तर तात्पुरते, ९२९ हे अंतिम. देशाचे ९४० तात्पुरते, ९४३ अंतिम. राज्याची साक्षरता ८२.९ तात्पुरती, ८२.३ अंतिम. लोकसंख्येचा शेवट ७२,९७२ असेल तर तात्पुरता, ११,२३,७४,३३३ हा अंतिम. पर्यायांत दोन्ही आकडे शेजारी आले की घरी पाठ केलेला चुकीचा आकडा हमखास हाताला लागतो, म्हणून असे तक्ते पिवळ्या गटात ठेवून प्रत्येक आकडा छापील पट्टीने झाकला. शाईने खोडून वर लिहिले तर खालचाच आकडा वाचला जातो.

१९ जून

कायद्याची पुस्तके. यात दया नाही.

भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा अधिनियम यांच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. कलमे ५११ ची ३५८, ४८४ ची ५३१, १६७ ची १७०. उपनिरीक्षक मुख्य परीक्षेची या तारखेआधीची सगळी कायदा-पुस्तके लाल.

'कलमांचे क्रमांक पेन्सिलीने बदलून घेऊ' असा प्रस्ताव आला. करून पाहिले. ३०२ चे १०३, ३०७ चे १०९, ४२० चे ३१८(४), ३०४-अ चे १०६, ४९८-अ चे ८५ आणि ८६. जमावबंदीचे १४४ आता नागरिक सुरक्षा संहितेत १६३, प्रथम खबर १५४ ऐवजी १७३. इथवर ठीक चालते. मग अडते. सामुदायिक सेवा ही शिक्षा जुन्यात नाहीच. संघटित गुन्हेगारी (१११), दहशतवादी कृत्य (११३), हिसकावून चोरी (३०४), जमावाने केलेल्या हत्येचे १०३(२) यांना जुन्या पुस्तकात जागाच नाही. राजद्रोहाचे १२४-अ गेले आणि १५२ आले, पण शब्दरचना वेगळी, म्हणून 'बदललेला क्रमांक' म्हणता येत नाही. जुन्यात विखुरलेल्या व्याख्या नव्यात कलम २ मध्ये एकत्र आहेत, स्त्रिया व बालकांवरील गुन्हे पाचव्या प्रकरणात एकवटले आहेत. प्रकरणाचा सांगाडाच वेगळा.

३०४ हा क्रमांक विशेष घातकी: जुन्यात सदोष मनुष्यवध, नव्यात हिसकावून चोरी. अर्धवट दुरुस्त पुस्तक असे गोंधळ पेरते. (बोलीतले 'चारसोबीस' मात्र कुणी बदलणार नाही.)

एक प्रत ठेवली. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्या संहितेखालीच चालतात, वकिलीच्या मुलांना ती लागते. तिच्या पाठीवर 'परीक्षेसाठी नाही' अशी पट्टी.

त्याच कपाटातले न बदललेलेही नोंदवतो. नागरी हक्क संरक्षण १९५५ आणि कौटुंबिक हिंसाचार २००५ यांची जुनी टिपणे वापरण्याजोगी. बालन्याय २००० चा असेल तर बाद, २०१५ चा हवा. अपंग व्यक्ती कायदा १९९५ चा असेल तर बाद: तिथे सात प्रकार आणि ३ टक्के, २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आणि ४ टक्के. माहिती अधिकार बहुतांश चालतो, फक्त आयुक्तांची मुदत २०१९ पूर्वीची पाच वर्षे लिहिलेली असते.

२४ जून

अर्थव्यवस्था. इथे 'एकदा दुरुस्त झालेले' पुस्तकही फसवते, कारण काही बाबी दोनदा बदलल्या.

सूक्ष्म, लघू, मध्यम उद्योग: २००६च्या कायद्यात निर्मिती आणि सेवा वेगवेगळ्या, सूक्ष्म निर्मिती उद्योगाची गुंतवणूक मर्यादा २५ लाख. १ जुलै २०२० पासून दोन्ही एकत्र आणि उलाढालीची अट जोडली: सूक्ष्म १ कोटी गुंतवणूक, ५ कोटी उलाढाल. १ एप्रिल २०२५ पासून तेच अडीच कोटी आणि १० कोटी. लघू २५ आणि १०० कोटी, मध्यम १२५ आणि ५०० कोटी. म्हणजे २०२३चे 'ताजे' पुस्तकही आज चूक.

ग्राहक संरक्षण: १९८६च्या कायद्यात जिल्हा मंच २० लाखांपर्यंत. २०१९चा कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला तेव्हा मंचाचा आयोग झाला आणि मर्यादा १ कोटी. डिसेंबर २०२१ मध्ये ती ५० लाखांवर आणली; राज्य आयोग ५० लाख ते २ कोटी, त्यावर राष्ट्रीय. २०२०-२१ मधली सगळी पुस्तके १ कोटीवर अडकलेली आहेत.

बँका: सार्वजनिक क्षेत्रातील बँका १ एप्रिल २०२० पासून १२. प्रादेशिक ग्रामीण बँका १ मे २०२५ पासून ४३ ऐवजी २८, राज्यात एकच. ही दुरुस्ती अजून कुठल्याच छापील पुस्तकात सापडली नाही.

संकल्पना मात्र टिकतात. मागणी-पुरवठा, लवचीकता, चलनवाढीचे प्रकार, तुटीचे प्रकार यांची २०१० ची प्रकरणे हिरवी. अपवाद राष्ट्रीय उत्पन्नाचा: २००४-०५ हे आधारभूत वर्ष आणि 'घटक किमतीला' मोजणी असेल तर पिवळे. अर्थसंकल्पात 'योजना व योजनाबाह्य खर्च' ही विभागणी चालू दाखवली असेल तर लाल, ती २०१७-१८ पासून नाही.

१ जुलै

अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी, इंग्रजी.

गणिताच्या पुस्तकाला वय नसते, चुका असतात. प्रत्येक दहावे उदाहरण सोडवायचे, किमान २०. उत्तरसूचीत दोन किंवा अधिक चुका निघाल्या तर पुस्तक खाली. आज सहा संच तपासले, दोन पडले. त्यातला एक सर्वांत नवा होता.

मराठी व्याकरण: समास, प्रयोग, अलंकार जुन्यातून बिनधास्त शिकावेत. वर्णमाला तेवढी तपासावी. २००९ च्या शासन निर्णयाआधीची पुस्तके १२ स्वर आणि ४८ वर्ण सांगतात. ॲ आणि ऑ धरून स्वर १४, शिवाय क्ष आणि ज्ञ धरून वर्ण ५२. वैयाकरणांमधले मतभेद हा वेगळा विषय, तो जुने-नवेपणाचा नाही. तिथे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या अंतिम उत्तरतालिकेकडे पाहावे.

इतिहास: गाभा हिरवा. शेवटी लावलेले पुरस्कारांचे तक्ते बाद.

५ जुलै

परीक्षेचा आराखडा बदलला की मजकूर बरोबर असूनही पुस्तक निकामी होते. इथे गंमत आहे.

राज्यसेवा मुख्य २०१२ मध्ये वस्तुनिष्ठ झाली, वैकल्पिक विषय गेले. तेव्हा २००६ ते २०११ ची वर्णनात्मक उत्तरांची आणि वैकल्पिक विषयांची पुस्तके पोत्यात गेली. २०२५ पासून मुख्य पुन्हा वर्णनात्मक: निबंध २५०, सामान्य अध्ययनाचे चार पेपर २५० चे, वैकल्पिकचे दोन २५० चे, मिळून १७५०, वर मुलाखत २७५. मराठी आणि इंग्रजी ३०० गुणांचे, फक्त अर्हतेपुरते. म्हणजे पोत्यातले लोकप्रशासन पुन्हा वर आले आणि कपाटातले २०१५ चे जाडजूड वस्तुनिष्ठ मुख्य-संच मागे गेले.

जुने वैकल्पिकचे पुस्तक सरसकट घ्यायचे नाही. आयोगाचा नवा अभ्यासक्रम छापून घ्यायचा, प्रत्येक घटकापुढे पुस्तकाचे पान लिहायचे. ज्यापुढे पान लागत नाही ते घटक दुसरीकडून. लोकप्रशासनाच्या एका प्रतीत विचारवंत आणि सिद्धान्त जवळजवळ पूर्ण लागले. भारतीय प्रशासनाचा भाग नियोजन आयोगात अडकलेला.

वस्तुनिष्ठ मुख्य-संच फेकलेले नाहीत. पूर्व आणि संयुक्तसाठी ते चांगले, मात्र 'मुख्य' हा शब्द पाठीवरून झाकला.

८ जुलै

जुन्या प्रश्नपत्रिका: सगळ्या ठेवल्या. प्रश्न कसा विचारतात हे जुने होत नाही. उत्तर मात्र परीक्षेच्या तारखेचे असते. २०१४च्या पेपरात केंद्रशासित प्रदेश 'सात' हे उत्तर तेव्हा बरोबर होते. प्रत्येक संचाच्या पहिल्या पानावर परीक्षेची तारीख मोठ्या अक्षरात. पहिल्या उत्तरतालिकेवर छापलेले संच धोक्याचे, कारण हरकतींनंतर अंतिम तालिकेत उत्तरे बदलतात आणि काही प्रश्न रद्द होतात. रद्द प्रश्नाला उत्तर छापलेले दिसले की संच पहिल्या तालिकेवरचा समजावा.

१२ जुलै

भूगोल उरकत आणला आणि काल मराठा लष्करी भूप्रदेश जागतिक वारसा यादीत गेला. बारा किल्ले, अकरा राज्यातले आणि तमिळनाडूतला जिंजी. यादीच्या प्रत्येक तक्त्याला चिठ्ठी लागली.

भूगोलात प्राकृतिक भाग हिरवा, प्रशासकीय भाग पिवळा. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावे जिल्ह्यांच्या तक्त्यात बदलली. विभागाचे नाव बदलायचे राहून जाते, ते लक्षात ठेवावे. किनारपट्टीचा पेच मोठा: देशाची ७५१६.६ किमी सगळीकडे छापलेली, फेरमोजणीत ती ११,०९८.८१ झाली; राज्याची ७२० पाठ, नवी ८७७.९७. जमीन वाढलेली नाही, खाड्या-वळणे अधिक बारकाईने मोजली. चिठ्ठीवर दोन्ही आकडे दिले, कारण प्रश्न कुठल्या आकड्यावर येईल हे प्रश्नाच्या शब्दांवरून ओळखावे लागते.

१८ जुलै

चिठ्ठ्यांची पद्धत पक्की. रंगीत गोल टिकल्या मुखपृष्ठावर लावल्या होत्या; आठवड्यात निम्म्या गळाल्या, शिवाय एकाच पुस्तकाला तीन रंग लागतात. आता प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या पानावर ५ बाय ८ सेंमीची पांढरी चिठ्ठी: 'मजकूर अमुक वर्षापर्यंतचा', खाली दुरुस्त्या, तपासल्याची तारीख. चिकटवायला पातळ केलेला पांढरा गोंद, फक्त वरच्या कडेला. मैद्याची खळ नको, तिला कसर येते.

एका प्रकरणात आठपेक्षा अधिक दुरुस्त्या लागल्या तर ते लाल. आठ ही संख्या चिठ्ठीत मावते म्हणून. त्यापुढची यादी कुणी वाचत नाही.

लाल प्रकरणे फाडत नाही, दोन स्टेपल मारून बंद करतो. फाडले की बांधणी सैल होते आणि उरलेली पानेही जातात. पूर्ण बाद पुस्तकांचे निर्लेखन (संग्रहातून वगळल्याची नोंद) दाखल क्रमांकासह नोंदवहीत, मग पहिल्या पानावर 'बाद' शिक्का आणि लगदा. शिक्क्याशिवाय रद्दीत दिलेली जुनी दंड संहिता महिनाभरात कुणीतरी भेट म्हणून परत आणून देते.

मोजणी: १९७ पैकी पूर्ण हिरवी ५८, चिठ्ठ्या लावून ठेवलेली ८१, बाद ५८. पोत्यांतून २३ पुस्तके वर आली, त्यातली १४ गणित आणि वैकल्पिकची.

१८ ऑगस्ट

आजपासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच. न्यायव्यवस्थेच्या नऊ प्रकरणांना चिठ्ठी; 'नागपूर, औरंगाबाद, पणजी' या ओळीखाली.

२२ सप्टेंबर

वस्तू व सेवा कराचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे आजपासून गेले (तंबाखूचे पदार्थ आणि पानमसाला तूर्त वगळून). ५ आणि १८ मुख्य, काही वस्तूंवर ४०. घटनात्मक भाग (१०१वी दुरुस्ती, कलम २४६-अ, २७९-अ) तसाच, फक्त दरांचा तक्ता झाकला. अंकगणितात कराची उदाहरणे १२ टक्क्यांनी सोडवलेली आहेत. ती तशीच ठेवली, तिथे आकडेमोड शिकायची आहे.

२१ नोव्हेंबर

चार कामगार संहिता आजपासून लागू, २९ कायदे त्यांत विलीन. मनुष्यबळ विकासाच्या सात पुस्तकांत 'संहिता संमत, अंमलबजावणी बाकी' असे लिहिलेले आहे. किमान वेतन, बोनस, औद्योगिक विवाद हे कायदे त्यांत स्वतंत्र प्रकरणे म्हणून आहेत. आठ दुरुस्त्यांची मर्यादा तिसऱ्याच पानावर ओलांडली. सातही पुस्तकांतली ती प्रकरणे स्टेपल केली. चिठ्ठ्यांचा कागद संपला, आणखी दोन रीम मागवायचे.